राखून ठेवलेला पैसा

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. तंजावरच्या मराठी राजवटीचा इतिहास ज्यांनी चाळला आहे त्यांना हे गाव मुक्तांबापुर या दुसऱ्या नावानेही ठाऊक असते. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०२ साली येथे आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ एक मोठे छत्र बांधले. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नसत्र यांचा संयोग. रामेश्वराच्या यात्रेला जाणारे यात्रेकरू या वाटेने चालत जात, आणि त्यांच्या मुक्कामाची, जेवणाखाणाची व दुखण्याखुपण्याची सोय अशा छत्रांतून होई. ओरत्तनाडूच्या छत्राच्या जोत्यावर हत्ती आणि घोडे कोरलेले आहेत, आणि ते सारी वास्तू रथासारखी ओढून नेत आहेत असा भास पाहणाऱ्याला होतो.

या छत्राच्या शिल्पकलेविषयी पुष्कळ बोलता येईल. परंतु प्रस्तुत विषय आहे तो छत्राच्या खर्चाचा. ज्या वर्षी हे छत्र उभे राहिले त्या वर्षी तंजावरचा खजिना राजाच्या हातात राहिलेला नव्हता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि सरफोजींच्या वाट्याला ठराविक नेमणूक व निव्वळ वसुलाचा एक-पंचमांश एवढेच आले होते. तरीही छत्रे चालू राहिली, याचे कारण असे की त्यांच्यासाठी गावांचे आणि जमिनींचे उत्पन्न पूर्वीपासून निराळे काढून ठेवलेले होते. १८०१ साली सरफोजींनी तंजावरचे रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना जे पत्र लिहिले त्यात हे उत्पन्न आपल्याच देखरेखीखाली राहावे अशी कळकळीची मागणी आहे. छत्रात ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणासही विन्मुख पाठवीत नाहीत. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला आहे काय याची विचारणा करतात. आजारी वाटसरूला औषध, बाळंतिणीला शुश्रूषा आणि पोरक्या मुलांना दूध व शिक्षण मिळते, असे त्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. राज्य गेल्याचे दुःख सरफोजींनी फारसे बोलून दाखविलेले दिसत नाही. या राखून ठेवलेल्या पैशाला मात्र कोणी हात लावू नये, यासाठी त्यांनी लेखणी झिजविली.

कोणत्याही राज्यव्यवस्थेत हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहतो. प्रजेच्या उत्पन्नावर राज्याचा हक्क आहे हे एकदा मान्य केले, म्हणजे त्या उत्पन्नातला कोणता भाग राज्याने आपण होऊन सोडून द्यावा आणि कशासाठी सोडावा, हे ठरवावे लागते. दक्षिणेत ज्या दानाच्या जमिनींवर राज्य कोणताही सारा घेत नसे त्यांना ‘सर्वमान्य’ म्हणत. राज्य आपला वसूल सोडी आणि त्याच्या बदल्यात एक निश्चित काम पार पडावे अशी अपेक्षा ठेवी. आजच्या काळात राज्य देवळाला किंवा छत्राला गाव लावून देत नाही. परंतु सामान्य गृहस्थाने आपल्या म्हातारपणासाठी, मुलीच्या शिक्षणासाठी अथवा अडीअडचणीसाठी जो पैसा बाजूला ठेवला, त्यावरचा कर सोडून देण्याची प्रथा मात्र जगातील अनेक देशांत रुजली आहे. अशा पैशासाठी जी खाती उघडली जातात त्यांना करमुक्त बचतीची खाती म्हणतात. ती चालतात कशी, त्यांत कोणाचा लाभ होतो आणि कोणाचा होत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

बचतीच्या पैशावर कर बसण्याच्या जागा तीन आहेत. पैसा खात्यात शिरतो ती पहिली जागा. तो पैसा मिळविलेल्या उत्पन्नातून आलेला असतो, आणि त्या उत्पन्नावर प्राप्तिकर देऊन झाल्यावरच तो खात्यात भरला जात असेल, तर पहिल्या दारावर जकात घेतली गेली असे म्हणता येईल. पैसा खात्यात असताना त्यावर वर्षानुवर्षे व्याज जमते ती दुसरी जागा. त्या व्याजावर दरवर्षी कर घेतला, तर वाढीच्या वाटेवरच कात्री लागते. मुदत पुरी झाल्यावर मुद्दल आणि व्याज मिळून रक्कम बाहेर पडते ती तिसरी जागा. यांपैकी कोणती दारे उघडी ठेवावयाची आणि कोणत्या दारावर नाकेदार बसवावयाचा, यावरून प्रत्येक खात्याचे स्वरूप ठरते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दारावर कर घेणे आणि तिसऱ्या दारावर कर घेणे यांत, कराचा दर सारखाच असेल तर, अखेरीस काहीच फरक पडत नाही. समजा, एखाद्याने १०० रुपये मिळविले आणि कराचा दर शेकडा २० आहे. पहिल्याच दारावर कर दिला तर ८० रुपये खात्यात गेले. काही वर्षांनी ते दुप्पट झाले, म्हणजे १६० रुपये हाती आले. आता पहिले दार मोकळे ठेवले तर १०० रुपये खात्यात गेले, त्यांचे २०० झाले आणि बाहेर पडताना त्यांतले ४० रुपये करात गेले. हाती पुन्हा १६० च आले. खरा फरक पडतो तो मधल्या दारामुळे. दरवर्षी व्याजातला पाचवा हिस्सा कापला गेला तर चक्रवाढीचा वेगच मंदावतो, आणि दीर्घ मुदतीत ही तूट फार मोठी होते. म्हणून जगातील बहुतेक करमुक्त खात्यांचा गाभा मधले दार मोकळे ठेवण्यात आहे. उरलेल्या दोन दारांविषयी मात्र देशोदेशीचे रिवाज निराळे आहेत.

भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीला जे भगदाड पडले होते ते बुजविणे हा त्याचा हेतू होता. त्यानंतर बावीस वर्षांनी, म्हणजे १ एप्रिल १८८२ रोजी, टपाल खात्याची बचत बँक देशभर सुरू झाली. या बँकेने एक मोठी गोष्ट साधली. सराफाच्या पेढीवर ज्याला कोणी उभे केले नसते अशा माणसालाही आपले चार रुपये सरकारच्या हमीवर ठेवता येऊ लागले. आज देशात दीड लाखाहून अधिक टपाल कचेऱ्या आहेत, आणि ज्या खेड्यात बँकेची शाखा नाही तेथेही बहुधा टपालाची लाल पेटी असते.

तथापि बचत बँकेतील पैसा म्हणजे हाताशी असलेला पैसा. तो सणासुदीला निघतो, लग्नाकार्याला निघतो. म्हातारपणापर्यंत तो टिकेलच असे नाही. सरकारी नोकराला आणि मोठ्या कारखान्यातील कामगाराला भविष्य निर्वाह निधी असे. त्यांच्या पगारातून दरमहा ठराविक रक्कम कापली जाई आणि सेवानिवृत्तीच्या वेळी ती एकगठ्ठा हाती पडे. परंतु वकील, वैद्य, दुकानदार, शिंपी, गवंडी, भटजी अशा स्वतःच्या बळावर पोट भरणाऱ्यांना असा कोणताच आधार नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने १९६८ साली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा कायदा केला आणि त्याच वर्षी १ जुलैपासून ती योजना अमलात आली. लोकांच्या तोंडी तिचे पी.पी.एफ. हे आद्याक्षरी नाव रूढ झाले आहे. २०१८ मध्ये हा कायदा आणि अल्पबचतीचा दुसरा एक कायदा १८७३ च्या जुन्या बचत बँक कायद्यात विलीन करण्यात आले आणि २०१९ च्या डिसेंबरात योजनेचे नवे नियम निघाले; तिचे मूळ स्वरूप मात्र तेच राहिले.

हे खाते टपाल कचेरीत किंवा अधिकृत बँकेत उघडता येते. एका माणसाला एकच खाते ठेवता येते, आणि ते दोघांच्या नावाने उघडता येत नाही. अज्ञान मुलाच्या नावाने पालकाला खाते उघडता येते. परंतु पालकाच्या स्वतःच्या आणि मुलाच्या खात्यातील भरणा मिळून एकच मर्यादा मोजली जाते. ही मर्यादा २०१४ पासून वर्षाला दीड लाख रुपये आहे. वर्षातून किमान ५०० रुपये तरी भरावे लागतात. न भरल्यास खाते बंद पडते आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० रुपये आणि ५० रुपये दंड द्यावा लागतो. मुदत पंधरा वर्षांची. पण ती खाते उघडल्या दिवसापासून न मोजता, ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले त्या वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. पुढे पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घेता येते. परदेशी स्थायिक झालेल्याला नवे खाते उघडता येत नाही.

व्याजाचा दर सरकार तिमाहीस जाहीर करते. योजनेच्या पहिल्या वर्षी तो शेकडा ४.८ होता. १९८६ पासून २००० सालाच्या आरंभापर्यंत तो १२ वर स्थिर होता, आणि या काळात ज्यांनी खाती उघडली त्यांच्या घरात आजही त्या दराची आठवण निघते. त्यानंतर तो उतरत गेला. १ एप्रिल २०२० पासून तो ७.१ आहे, आणि २०२५ साल संपेपर्यंत त्यात बदल झालेला नव्हता. व्याजाची आकारणी दरमहा होते, पण ते खात्यात जमा होते वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला. महिन्याच्या पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळते. म्हणून पैसा पाच तारखेच्या आत भरला तर त्या महिन्याचे व्याज पदरात पडते, आणि सहा तारखेला भरला तर त्या महिन्यापुरता तो नुसता पडून राहतो.

हा नियम क्षुल्लक वाटेल. ओरत्तनाडूच्या बाजारपेठेत किराणा मालाचे लहानसे दुकान चालविणारा एखादा गृहस्थ कल्पनेत आणावा. तो दरमहा १,००० रुपये पाच तारखेच्या आत भरतो. ७.१ हाच दर टिकला असे धरले, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस त्याच्या खात्यात १२,४६१ रुपये दिसतील. पंधरा वर्षांच्या भरण्यात त्याने स्वतःचे १,८०,००० रुपये घातले असतील, आणि खात्यात सुमारे ३,१५,५०० रुपये झालेले असतील. हेच भरणे त्याने दरमहा पाच तारखेनंतर केले असते, तर अखेरची रक्कम सुमारे अठराशे रुपयांनी कमी भरली असती. दिवसांच्या आळसाची किंमत रुपयांत मोजता येते ती अशी. दरवर्षी एप्रिलच्या आरंभी पूर्ण दीड लाख भरणाऱ्याचे गणितही याच रीतीने करता येते. पंधरा वर्षांत तो साडेबावीस लाख भरतो, आणि त्याचे ४० लाख ६८ हजारांच्या वर होतात. या व्याजावर दमडीचाही प्राप्तिकर लागत नाही. शेकडा ३० दराने कर भरणाऱ्याला एवढाच निव्वळ लाभ दुसऱ्या एखाद्या करपात्र ठेवीतून मिळवावयाचा असेल, तर ती ठेव शेकडा दहाहून अधिक व्याज देणारी असावी लागेल.

भारतातील या खात्याची तिन्ही दारे दीर्घकाळ मोकळी होती. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखाली भरलेली रक्कम एका मर्यादेपर्यंत उत्पन्नातून वजा करून मिळे. व्याज करमुक्त होते. आणि मुदतीनंतर हाती येणारी रक्कमही करमुक्त होती. अलीकडे पहिल्या दाराची स्थिती पालटली आहे. २०२० साली प्राप्तिकराची दुसरी, कमी दरांची पद्धत आली, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तीच सर्वसाधारण पद्धत ठरली. या पद्धतीत बचतीबद्दलची वजावट मिळत नाही. जुनी पद्धत निवडणाऱ्याला ती अद्याप मिळते. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने, ज्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरविला गेला, कलमांचे आकडे बदलले. पण दोन पद्धतींचा हा भेद कायम ठेवला. व्याज आणि अखेरची रक्कम मात्र दोन्ही पद्धतींत करमुक्तच आहे. म्हणजे नव्या पद्धतीने कर देणाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या दारावर नाकेदार बसला आणि मागची दोन दारे मोकळी राहिली.

हा प्रकार जगात अपूर्व नाही. कॅनडात २००९ साली जे करमुक्त बचत खाते सुरू झाले त्याची घडण नेमकी अशीच आहे. तेथे कर भरून झालेलाच पैसा खात्यात घालतात, मग त्यावरचे व्याज, लाभांश वा नफा यांवर कर नाही, आणि काढतानाही कर नाही. इंग्लंडात १९९९ साली सुरू झालेली व्यक्तिगत बचत खातीही याच वळणाची आहेत. फरक आहे तो मुदतीचा. कॅनडातील खातेदाराला आपला पैसा हवा तेव्हा काढता येतो, आणि जेवढा काढला तेवढा भरण्याची मुभा त्याला पुढच्या वर्षी पुन्हा मिळते. न वापरलेली मर्यादाही पुढे चालू राहते. आपल्याकडील पी.पी.एफ. खात्यात या वर्षीची न भरलेली मर्यादा वर्षाबरोबर संपते, आणि पैसा पंधरा वर्षे बांधला जातो. तेथे खातेदाराच्या सोयीकडे लक्ष दिले आहे. येथे त्याच्या मनाच्या चंचलतेपासून पैसा वाचविण्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

हे बंधन हिताचे की अहिताचे, या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आणि त्यासाठी ओरत्तनाडूच्याच परिसराकडे पुन्हा वळले पाहिजे. मेट्टूरचे धरण १९३४ साली पुरे झाले आणि कल्लणैपासून निघालेल्या नव्या कालव्याने कावेरीचे पाणी या बाजूच्या माळावर आले. भात, भुईमूग आणि दक्षिणेकडे पट्टुकोट्टैच्या दिशेने नारळाच्या बागा, अशी ही शेती. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर चालून आले आणि पट्टुकोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडु या भागातील नारळाची असंख्य झाडे एका रात्रीत आडवी झाली. नारळाचे झाड लावल्यापासून फळाला येण्यास वर्षे लागतात. ज्या कुटुंबाचा चरितार्थ त्या झाडांवर होता त्याला पुढची पाचसहा वर्षे कशावर काढावयाची, हा प्रश्न पडला.

अशा प्रसंगी बांधलेला पैसा किती उपयोगी पडतो? एखाद्या कुटुंबाने २०१६-१७ मध्ये पी.पी.एफ. खाते उघडले होते असे मानू. वादळ आले ते खात्याचे तिसरे आर्थिक वर्ष. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत खात्यावर कर्ज मिळते; परंतु ते मागच्या दुसऱ्या वर्षाअखेर जी शिल्लक होती तिच्या चौथ्या हिश्शापुरतेच. म्हणजे दरमहा हजार रुपये भरणाऱ्याला पहिल्या वर्षाच्या साडेबारा हजारांवर तीन हजार रुपयांच्या आसपास कर्ज मिळेल. त्यात छप्पर शाकारणेही होणार नाही. या कर्जावर खात्याच्या दरापेक्षा तेव्हा शेकडा दोन आणि २०१९ च्या नियमांनंतर शेकडा एक अधिक व्याज आहे. सातव्या आर्थिक वर्षापासून मात्र वर्षातून एकदा पैसा काढता येतो, आणि तो परत करावा लागत नाही. मागच्या चौथ्या वर्षाअखेरची किंवा मागच्याच वर्षाअखेरची शिल्लक, यांपैकी जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत ही रक्कम असते. वरील हिशेबाने सातव्या वर्षी ती वीस हजारांच्या घरात जाईल. पाच वर्षांनंतर गंभीर आजार किंवा उच्च शिक्षण अशा कारणांसाठी खाते मुदतीपूर्वी बंदही करता येते. मात्र त्यासाठी व्याजाचा दर शेकडा एकाने कमी धरतात.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ज्याच्या घरात आपत्तीसाठी वेगळी गंगाजळी नाही त्याने आपला सगळा पैसा करमुक्त म्हणून पंधरा वर्षांच्या खात्यात कोंडणे शहाणपणाचे नाही. आधी काही महिन्यांच्या पोटाची तरतूद टपालाच्या साध्या बचत खात्यात असावी. त्या खात्यातील व्याजही एका माणसाच्या नावे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत आणि जोडखात्यात ७,००० रुपयांपर्यंत करमुक्त ठेवलेले आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. व्याजाचा दर कमी असला तरी तो पैसा मध्यरात्री हाक मारली असता उठून येतो. दीर्घ मुदतीच्या खात्यात जावयाचा तो त्यानंतर उरलेला पैसा.

मुलींसाठी जी योजना २०१५ च्या जानेवारीत निघाली तिला देशभर सुकन्या समृद्धी म्हणतात. तामिळनाडूत ती ‘सेल्वमगळ् सेमिप्पु तिट्टम्’, म्हणजे लाडक्या लेकीची बचत योजना, या नावाने ओळखली जाते. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी आईबापांना वा पालकाला तिच्या नावे खाते उघडता येते. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, भरणा पंधरा वर्षे, आणि मुदत खाते उघडल्यापासून एकवीस वर्षे. २०२४ च्या आरंभापासून २०२५ च्या अखेरपर्यंत तिचा दर शेकडा ८.२ होता, म्हणजे पी.पी.एफ.हून बराच अधिक. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली म्हणजे शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. नियमांची ही मांडणी पाहिली तर तिच्यामागील विचार दिसतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला शाळेतून काढण्याच्या मोहापासून हा पैसा दूर ठेवलेला आहे, आणि शाळेचा टप्पा ओलांडल्यावरच त्याची कुलपे उघडतात.

आता प्राप्तिकर ज्याला मुळीच द्यावा लागत नाही त्याला करमुक्त खात्याचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ओरत्तनाडूच्या आसपासच्या बहुसंख्य लोकांचे उत्पन्न शेतीचे, आणि शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही. शेतमजुराचे आणि लहान दुकानदाराचे उत्पन्नही कराच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. २०२५-२६ या वर्षापासून तर नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर सवलतीमुळे कर उरत नाही. या लोकांना करमुक्ती म्हणजे न लागणाऱ्या रोगावरचे औषध. त्यांच्या दृष्टीने या खात्याचे मोल दुसऱ्याच दोन गोष्टींत आहे. एक तर त्याला सरकारची पूर्ण हमी आहे. कोणत्याही पेढीच्या दिवाळ्याने तो पैसा बुडत नाही. दुसरे असे की, खातेदाराने केलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने या खात्यावर जप्ती आणता येत नाही. सावकाराच्या दाराशी ज्यांच्या घरातील भांडीकुंडी गेलेली आहेत त्यांना या एका नियमाचे मोल सांगावे लागणार नाही.

महागाईचा हिशेबही नजरेआड करून चालणार नाही. खात्यात शेकडा सात मिळाले आणि बाजारभाव शेकडा सहाने चढले, तर खरी वाढ एकाचीच झाली. १२ टक्क्यांच्या दिवसांत व्याज मोठे दिसे, पण त्या दिवसांत वस्तूंचे भावही वेगाने चढत होते. आकडा मोठा की लहान यापेक्षा तो भाववाढीच्या किती पुढे राहिला, हे पाहणे अधिक योग्य.

याची राज्याच्या बाजूने दिसणारी कथा निराळी आहे. अल्पबचतीत जमणारा पैसा १ एप्रिल १९९९ पासून राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो, आणि तेथून तो सरकारच्या कर्जउभारणीस उपयोगी पडतो. म्हणजे खातेदार हा सरकारचा धनको आहे. त्याच्या व्याजावरचा कर सोडून दिला म्हणजे तिजोरीत तेवढी तूट येते, आणि ती तूट रोजच्या वापरातील पुष्कळ वस्तूंवर कर देणाऱ्या सर्व लोकांनी मिळून भरून काढावयाची असते. या दृष्टीने पाहिले तर वर्षाला पूर्ण दीड लाख बाजूला काढू शकणाऱ्या सुखवस्तू कुटुंबाला या सवलतीचा सर्वांत मोठा घास मिळतो, आणि ज्याला ५०० रुपयेही वर्षाकाठी काढणे जड जाते त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. वार्षिक मर्यादा घालण्यामागे हाच विचार आहे. ती मर्यादा वाढवावी अशी मागणी दर अर्थसंकल्पाच्या वेळी होते. ती करणाऱ्यांनी हा दुसरा पारडाही पाहिला पाहिजे.

ओरत्तनाडूच्या छत्राशी तुलना केली म्हणजे हा फरक अधिक स्पष्ट होतो. छत्रासाठी राज्याने जो वसूल सोडला त्याचा लाभ ज्याच्या गाठीला काहीच नव्हते अशा वाटसरूला मिळे. करमुक्त खात्यासाठी राज्य जो वसूल सोडते त्याचा लाभ ज्याच्या गाठीला काही आहे त्यालाच मिळतो. म्हणून असे खाते अन्नछत्राची, दवाखान्याची किंवा निवृत्तिवेतनाची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही गोष्टी राज्याने केल्या पाहिजेत. एक गोष्ट मात्र दोहोंत समान आहे. छत्राच्या गावांचे उत्पन्न दुसऱ्या कामी लावले जाऊ नये म्हणून सरफोजींना इतके झगडावे लागले, कारण राखून ठेवलेल्या पैशावर सर्वांचीच नजर असते. गृहस्थाच्या बचतीवरही ती असते, आणि बहुधा सर्वांत आधी ती त्याची स्वतःचीच असते.

खाते उघडणाऱ्याने एवढे तरी करावे. आपल्यामागे पैसा कोणाला मिळावा त्याचे नाव पहिल्याच दिवशी नोंदवावे. ते न नोंदविल्यामुळे विधवा बायकांना आणि म्हाताऱ्या आईबापांना वारसाच्या दाखल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. खात्याचे पुस्तक घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असावे. पैसा महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरावा. आणि कराची किती बचत होईल या हिशेबाआधी, हा पैसा पंधरा वर्षे मागे वळून न पाहता सोडून देण्याइतकी आपल्या घराची घडी बसली आहे काय, याचा विचार करावा. तशी ती बसली असेल तर हजार रुपये महिन्यालाही हे खाते चांगले आहे. ती बसली नसेल तर आधी साधे बचत खाते, आणि मग हे.